आडनावातील गाव : तेर, जुन्नर आणि चौल

आपल्या मंडळाच्या सभासदत्वाचा अर्ज असो, वधूवर-सूचीसाठी द्यावयाची माहिती असो, किंवा शिष्यवृत्तीचा तक्ता असो, त्या प्रत्येकात ‘मूळ गाव’ असा एक रकाना छापलेला असतो. जुन्या अर्जांची बाडे चाळताना असे आढळते की, वडीलधारी मंडळी हा रकाना मोठ्या आस्थेने भरीत. गाव, तालुका, जवळची नदी, ग्रामदैवत, एवढे सारे त्या इंचभर जागेत बारीक अक्षरांत कोंबलेले दिसते. अलीकडच्या अर्जांत त्याच जागी ‘मुंबई’, ‘ठाणे’ किंवा नुसती आडवी रेघ असते. मौज अशी की, त्याच अर्जात दोन ओळी वर अर्जदाराचे आडनाव लिहिलेले असते आणि ते बहुधा ‘कर’ने संपते. पैठणकर, जुन्नरकर, चौलकर ही मंडळी अनेक ज्ञातींत आहेत. त्यांचे गाव शाळेच्या हजेरीपटावर रोज उच्चारले जाते, बँकेच्या धनादेशावर सहीत उमटते. परंतु ते नाव धारण करणाऱ्याने ते गाव पाहिलेले नसते.

ज्ञातीच्या उत्पत्तीविषयी अशा स्मरणिकांतून पुष्कळ लिहून येते. कोणी आपले मूळ काश्मिरात शोधतो, कोणी गौडदेशात, कोणी थेट पुराणांतील ऋषींपर्यंत जाऊन पोचतो. त्या वादात शिरण्याची आमची इच्छा नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि दगडावर कोरून ठेवलेला जो पुरावा एस. टी.च्या एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहे, तो पाहिल्यावाचून आपण हिमालयापर्यंत का जावे?

आपली कुटुंबे प्रवास करीत नाहीत असे नव्हे. अजिंठा, वेरूळ, रायगड, महाबळेश्वर ही स्थळे बहुतेकांनी पाहिली आहेत, आणि आता पुष्कळांची मजल सिंगापुरापर्यंत गेली आहे. अजिंठा-वेरूळ १९८३ साली जागतिक वारसा ठरली. ती पाहावीत, पुन्हा पाहावीत. परंतु तेथे जे दिसते ते राजांच्या आणि धर्मसंघांच्या वैभवाचे शिखर होय. कापड विणणारा, भांडी घडविणारा, धान्याचा व्यापार करणारा, हुंडी वटविणारा असा जो गृहस्थ, त्याचा इतिहास मोठ्या स्थळांच्या गर्दीत हाती लागत नाही. तो लहान गावांत आहे, आणि ती गावे आज बहुधा ओस नसली तरी दुर्लक्षित आहेत. अशा तीन गावी गेल्या काही वर्षांत काही सभासद कुटुंबांसह आमचे जाणे झाले. ही तिन्ही गावे जुन्या व्यापारी रस्त्यांवरची असून देशावरून घाट उतरून समुद्राकडे जाणाऱ्या तांड्यांच्या क्रमाने त्यांचे वर्णन करणे सोयीचे होईल.

पहिले तेर. धाराशिव शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा यात्रांचा मार्ग आखणारी आपली मंडळी ह्याच मुलखातून जातात, परंतु तेरला वळणारे फार थोडे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेली, ‘पेरिप्लस’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेली, सागरी व्यापाराची एक मार्गदर्शिका आहे. तीत म्हटले आहे की, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे व त्याच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तगरहून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, अवघड मुलखातून, भडोचच्या बंदरास जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचा उल्लेख आहे.

हे तगर म्हणजे कोणते गाव, ह्याविषयी एकोणिसाव्या शतकातील पंडितांत मोठा वाद होता. कोणी दौलताबाद म्हटले, पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी जुन्नर सुचविले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांचे मत धारूरच्या बाजूने होते. अखेर १९०१ साली डॉ. फ्लीट ह्यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिले आणि ते मत सर्वमान्य झाले. विद्वान नकाशावर शोध घेत असताना तेरचे गावकरी आपल्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या तेरच म्हणत होते. गावाचे नाव कोठेही हरवले नव्हते. ते विचारावयास कोणी गेले नव्हते, इतकेच.

तेरमध्ये पाहण्यासारखे पहिले म्हणजे गावाची पांढर. नदीकाठच्या ह्या उंचवट्यांत सातवाहनकालीन वस्तीचे थर दडलेले आहेत. १९५८ च्या सुमारास श्री. चापेकर ह्यांनी व त्यानंतर इतरांनी येथे उत्खनने केली. परंतु तेरच्या पुराणवस्तूंचा खरा राखणदार गावातीलच एक गृहस्थ होता. कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी, पांढरीतून पावसाळ्यानंतर वर येणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या अशा हजारो वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि त्यांचा संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला. त्यांच्याच नावाचे संग्रहालय आज गावात आहे. तेथील पांढऱ्या मातीच्या लहानशा मूर्तींवरील केशरचना आणि दागिने आमच्या समवेत आलेल्या भगिनींनी जितक्या बारकाईने पाहिले, तितक्या बारकाईने आम्हा पुरुषमंडळींनी काहीच पाहिले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तेर येथे सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर विशेष प्रसिद्ध आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेली दुसरी मूर्ती इटलीतील पाँपेई येथे, म्हणजे इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या नगरात, १९३८ साली मिळाली. येथला माल कोठवर जाई ह्याची कल्पना ह्यावरून यावी.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे त्रिविक्रमाचे मंदिर. हे विटांचे असून त्याची मागील बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. असा आकार डोंगरातील चैत्यगृहांत नेहमी दिसतो. परंतु विटांनी बांधलेली व आजवर उभी राहिलेली अशी वास्तू भारतात विरळाच. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वराचे मंदिर हे तिचे दुसरे उदाहरण. हा मूळचा बौद्ध चैत्य की आरंभापासूनच देवालय, ह्याविषयी मतभेद आहेत. आत वामनावतारातील त्रिविक्रमाची मूर्ती आहे आणि नित्य पूजा चालू आहे. उत्तरेश्वराचे विटांचे मंदिर व त्याची कोरीव लाकडी चौकट हीदेखील अभ्यासकांच्या परिचयाची आहे.

वारकरी संप्रदायास तेर ठाऊक आहे ते गोरोबाकाकांमुळे. संत गोरा कुंभार तेरचे. इ. स. १३१७ मध्ये, चैत्र वद्य त्रयोदशीस, त्यांनी तेथे समाधी घेतली असे मानतात आणि त्या तिथीस यात्रा भरते. संतमंडळीत कच्चे मडके कोणते हे थापटण्याने पारखणारे काका, आणि त्यांच्या हजार-बाराशे वर्षे आधी त्याच गावात चिकणमातीच्या सुबक मूर्ती घडविणारे अनामिक कारागीर, ह्यांच्यामध्ये काही धागा असेल का, हे सांगता येणार नाही. मात्र समाधीच्या ओवरीत बसून हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तेथेच भेटलेल्या एका वृद्ध बाबांनी आम्हास पहिला प्रश्न केला तो, “गाव कोणतं तुमचं?” आम्ही मुंबई म्हणताच ते म्हणाले, “ते ऱ्हायाचं झालं. गाव कोणतं?” आमच्यांतील दोघाचौघांनी मूळ गावे सांगितली, उरलेले एकमेकांकडे पाहू लागले.

तेर सोडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण प्रस्तुत लेखाचा तोच गाभा आहे. कोकण व कोल्हापूर येथे इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत राज्य करणारी शिलाहारांची घराणी आपल्या ताम्रपटांत व शिलालेखांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’, ‘तगरपुरपरमेश्वर’ अशी बिरुदे लावतात. त्यांचे राज्य तेरवर नव्हते. त्यांचे पूर्वज केव्हातरी त्या नगरातून निघाले असावेत आणि शतके लोटली तरी नाव सोडले नाही, असेच इतिहासकार मानतात. ठाण्यास बसून तगरचे नाव मिरविणारा शिलाहार राजा आणि दादरला राहून जुन्नरचे नाव लावणारा आपला एखादा बांधव, ह्यांत बिरुद आणि आडनाव एवढाच काय तो भेद.

तेरहून पश्चिमेस निघालेला तांडा पैठणावरून जाई. पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान व नाथमहाराजांचे गाव. परंतु ते सर्वांना ठाऊक आहे, षष्ठीला तेथे लाखांनी लोक जमतात, आणि पैठणीविषयी आमच्या भगिनींना आम्ही काही सांगावे अशी परिस्थिती नाही. म्हणून तेथे न थांबता जुन्नरकडे वळू.

जुन्नरला अप्रसिद्ध म्हटल्यास कोणी हसेल. शिवछत्रपतींचा जन्म १६३० मध्ये ज्या शिवनेरीवर झाला तो गड गावाच्या माथ्यावर उभा आहे. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज पलीकडच्या लेण्याद्रीच्या डोंगरात आहे. २०१८ मध्ये शासनाने ह्या तालुक्यास विशेष पर्यटनक्षेत्र म्हणून जाहीर केले. आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत शिवनेरी आहे. तथापि लोक शिवनेरीस जातात, लेण्याद्रीस जातात, आणि जुन्नरला न जाता परततात. गावाभोवतीच्या चार-पाच डोंगरांत मिळून दीडशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. इतकी लेणी एका गावाभोवती महाराष्ट्रात अन्यत्र नाहीत. ती अजिंठ्यासारखी चित्रांनी नटलेली नाहीत. बहुतेक साधी आहेत, लहान आहेत, पुष्कळांत बसावयाचा ओटा आणि पाण्याचे टाके ह्यांपलीकडे काही नाही. त्यांचे मोल आहे ते त्यांतील लेखांत.

गणपतीच्या दर्शनासाठी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गेलेल्या भाविकांपैकी किती जण शेजारच्या चैत्यगृहात डोकावतात? त्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. कल्याणच्या ‘हेरणिका’चा पुत्र सुलसदत्त ह्याने हे चैत्यगृह दिले, असा तिचा आशय. हेरणिक म्हणजे सोनार, असे काही विद्वान म्हणतात. कोषपाल, असे इतर म्हणतात. काहीही असो, कल्याणचा एक गृहस्थ बाजारपेठेच्या ओढीने घाट चढून जुन्नरला येतो आणि आपल्या व बापाच्या नावाची ओळ ठेवून जातो. मनमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम ह्याचा, ४६ व्या वर्षाचा, लेख आहे. परदेशी लोकही येथे दाते आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दिला. तुळजा लेण्यातील बारा खांबांचे गोल चैत्यगृह तर एकदा तरी पाहावेच. तसे दुसरे आढळणे कठीण.

ज्ञातिसंस्थेच्या वाचकांस सर्वांत जवळचे वाटावेत असे लेख मात्र निराळे आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले, असा एक लेख जुन्नरला आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या व काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या व्याजाची तरतूद केल्याचा उल्लेख आहे. ह्या पद्धतीचे स्वरूप कसे होते ते नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखावरून स्पष्ट कळते. नहपानाचा हा जावई गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा दरशेकडा एक ह्या व्याजाने ठेवतो, आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार पाऊण टक्क्याने. मूळ रक्कम परत मागावयाची नाही, फक्त व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट आहे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते व त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो. हे सर्व नगराच्या निगमसभेत वाचून दाखविले व फलकावर नोंदविले, असेही लेखात म्हटले आहे. आपल्या मंडळाच्या कोषाध्यक्षांना आम्ही हे सांगितले तेव्हा अक्षयनिधीची कल्पना इतकी जुनी आहे हे ऐकून त्यांना समाधान वाटले; पाऊण टक्क्याचा दर दरमहा असल्याचे ध्यानी येताच ते अधिकच विचारात पडले.

येथे एका मोहापासून सावध राहणे अगत्याचे आहे. कास्यकार, कोलिक, हेरणिक ही नावे वाचली की, ‘हेच आमचे पूर्वज’ असे म्हणण्यास जीभ आतुर होते. काही ज्ञातींच्या इतिहासलेखकांनी तसे म्हटलेलेही आहे. आमच्या अल्प मते हे बरोबर नाही. श्रेणी ही एका धंद्यातील लोकांची संघटना होती. तिचा आणि आजच्या ज्ञातीचा अखंड संबंध दगडावर कोठेही लिहिलेला नाही. दोन हजार वर्षांत माणसे गावे बदलतात, धंदे बदलतात, एका धंद्यात अनेक समूह मिसळतात. म्हणून ते लेख कोणा एका ज्ञातीचे नव्हेत. कामावर जगणाऱ्या, हिशेब चोख ठेवणाऱ्या व मिळकतीतला वाटा सार्वजनिक कामास देणाऱ्या सर्वांचे ते आहेत. त्यांत आपणही आलो, आणि तेवढे नाते आम्हास पुरेसे वाटते.

जुन्नर गावातही हिंडावे. बहमनी राज्य मोडकळीस येत असताना मलिक अहमदाने निजामशाहीची मुहूर्तमेढ जुन्नरला बसून रोविली, आणि पुढे मलिक अंबरनेही काही काळ येथूनच राज्य चालविले. गावाच्या पूर्वेचा सौदागर घुमट व हबशी महाल त्या काळाची साक्ष देतात. जुन्नरी कागद तर एके काळी सर्व मराठी दफ्तरांत नांदत होता. गिरणीच्या कागदापुढे तो धंदा टिकला नाही. पण ज्यांच्या घरी जुनी खतपत्रे, कुळाच्या वंशावळी वा कर्जरोखे पेटीत पडून असतील, त्यांनी तो कागद एकदा उजेडात धरून पाहावा.

जुन्नरहून सुमारे तीस किलोमीटरवर नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत सातवाहन राणीचा, बहुधा नागनिकेचा, प्रदीर्घ लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण ह्यांच्या संख्या त्यात अंकांत कोरलेल्या असून, आपल्याकडील अंकलेखनाचा तो फार जुना पुरावा समजला जातो. समोर राजकुलाच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा एवढेच उरले आहे. जवळचा दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. पावसाळ्यात अलीकडे येथे धबधबे पाहण्यास एवढी झुंबड उडते की लेखाकडे पाहण्यास उसंत मिळू नये. मार्गशीर्ष-पौषात जावे, गुहेत निवांतपणा असतो आणि खाली कोकणाचा पट्टा स्वच्छ दिसतो.

जुन्नर आणि आमचे तिसरे गाव चौल, ह्यांना जोडणारा एक प्रवासी आपल्या परिचयाचा आहे. निदान वडील पिढीस तरी आहे, कारण त्याच्यावर ‘परदेसी’ नावाचा हिंदी-रशियन चित्रपट १९५७ साली निघाला होता. अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर शहरचा व्यापारी इ. स. १४७० च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. तेथून पालीवरून मजल-दरमजल करीत तो घाट चढून जुन्नरला पोचला आणि पावसाळा त्याने तेथे काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला व चार दिवसांत धर्म बदल, तर घोडा परत देतो व वर मोहराही देतो, असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा व धर्म दोन्ही वाचले. आपण ज्या वाटेने उतरणार तीच वाट हा परदेशी मनुष्य चढून आला होता.

चौल हे अलिबागपासून सुमारे सोळा-सतरा किलोमीटरवर. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंस विहिरी आणि तळी, मधूनच एखादे देऊळ. अलिबागच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी जी गर्दी लोटते तिच्यातील काही लोक रेवदंड्याच्या वाळूपर्यंत येतात. चौलमध्ये मात्र आपली पावले आपल्यालाच ऐकू येतात. टॉलेमीने आणि पेरिप्लसकाराने ह्या बंदराचे नाव घेतले आहे. कान्हेरीच्या लेण्यांत ‘चेमुल’च्या दात्यांचे लेख आहेत. इ. स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी येथे आला, तेव्हा झंझ हा राजा होता आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन वसलेले व येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान नगरात होते, असे त्याने लिहून ठेवले. हा झंझ शिलाहार घराण्यातला, म्हणजे तगरपूरचे नाव लावणाऱ्यांपैकीच.

पुढे पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीतील आरमारी लढाईत त्यांच्या गव्हर्नराचा पुत्र लोरेन्सु द आल्मेदा मारला गेला. १५२१ मध्ये त्यांनी रेवदंड्यास कोट बांधण्यास प्रारंभ केला. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने घातलेला मोठा वेढा त्यांनी परतविला. आणि वसई पडल्यानंतर, १७४० मध्ये, रेवदंडा मराठ्यांच्या हाती आला. कोटाच्या तटावरून आज माडांच्या वाड्यांकडे पाहता येते. चर्चच्या भिंती, कमानी, कोरलेली ढाल-चिन्हे झाडीत विखुरलेली आहेत. ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा मनोरा अजून उभा आहे, मात्र सातही खण आता उरलेले नाहीत. चौलच्या रामेश्वराच्या देवळात अग्नी, वायू व पर्जन्य अशी तीन कुंडे बुजवून ठेवलेली आहेत. अवर्षण पडले की पर्जन्यकुंड उघडावयाचे, अशी तेथील रूढी.

चौलच्या रेशमी कापडाची कीर्ती पोर्तुगिजांच्या काळी दूरवर होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील काही रेशीम विणकर मुंबईस आले. इंग्रजांना त्यांचे बेट वसवावयाचे होते, कारागीर हवे होते. म्हणून, १६७० च्या सुमारास, ह्या विणकरांसाठी जकातघरापासून कोटाच्या मध्याकडे जाणारी घरांची एक ओळ बांधली गेली. मुंबईच्या बाजाराचा तो एक आरंभ होय. आपण ‘गाव सोडून मुंबईस आलो’ असे म्हणताना आजोबांची किंवा पणजोबांची आठवण काढतो, गिरण्यांची, बंदरावरच्या नोकऱ्यांची गोष्ट सांगतो. ती गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वी ह्या वाड्यांतून सुरू झालेली आहे. चौलमध्ये मागाचा आवाज ऐकण्यास गेल्यास तो मिळणार नाही. एका वाडीच्या मालकाने आम्हास सांगितले की, विहीर उपसताना किंवा आळी खणताना जुन्या भांड्यांचे तुकडे वर येतात. अशा वस्तू मुलांच्या खिशांत येऊ देऊ नयेत, हे तेरप्रमाणे येथेही कटाक्षाने सांगावे लागले. त्या जागेवरच राहिल्या तर त्यांना अर्थ. आपल्या काचेच्या कपाटात त्या केवळ खापऱ्या.

खर्चाची चिंता करणाऱ्यांसाठी सांगतो की, तिन्ही गावी फारसे काही लागत नाही. जुन्नरला भोजनाची सोय चांगली आहे. तेरला दुपारचे डबे बरोबर असलेले बरे. लेण्यांत विजेरी न्यावी, भिंतींवर खडूने नावे लिहू नयेत आणि लेखांवर पाणी टाकून अक्षरे उठविण्याचा प्रयत्न करू नये. वृद्धांना मनमोडी व तुळजा लेणी चढणे जड जाईल; त्यांनी गावातले देऊळ, घुमट व बाजार पाहावा आणि तेथील वृद्धांशी बोलावे. पुष्कळदा अधिक माहिती त्यांच्याकडेच मिळते.

रेवदंड्याहून कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला की कोर्लईचा डोंगर लागतो. त्यावरील गढी पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये घेतली. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत काही ख्रिस्ती कुटुंबे राहतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. ह्या लोकांना पोर्तुगालचे दर्शन कधी झाले नाही. बाजारात आणि शाळेत ते मराठी बोलतात. तरीही घरात, पोर्तुगीज व मराठी ह्यांच्या मिश्रणातून तयार झालेली, जगात दुसरीकडे कोठेही न बोलली जाणारी एक बोली ते आजतागायत बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. किल्ला उतरून आम्ही त्या वस्तीतून परतत होतो तेव्हा सायंकाळ होती. एका ओसरीवर आजीबाई नातीला काही सांगत होत्या आणि नात हट्टाने मराठीत उत्तरे देत होती.